हवेचा कार्पेट एरिया किती?

परळच्या प्लेग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकांनी १९०५-०६ च्या सुमारास सहा छोट्या खोल्या बांधल्या. राहायला गिनीपिग. खोल्या एकसारख्या, फरक फक्त छपराचा.

दोन खोल्यांवर नळीची देशी कौलं. त्यात उंदीर खुशाल संसार थाटतात. दोन खोल्यांवर चपटी कौलं. तिथेही उंदीर राहतात, पण जरा अडचणीत. उरलेल्या दोन खोल्यांवर पन्हळी पत्रा. त्यात उंदराला थारा नाही. छपराखाली सगळीकडे तारेची जाळी, म्हणजे उंदीर खाली येणार नाही, त्याच्या अंगावरची पिसू मात्र येईल.

मग प्रत्येक खोलीत प्लेगची लागण केलेले, पिसवा नसलेले गिनीपिग आणि धडधाकट गिनीपिग एकत्र सोडले. कौलांखालच्या धडधाकट गिनीपिगांना प्लेग झाला. पत्र्याखालचे आजाऱ्यांच्या अंगाला अंग लावून राहिले, तरी वाचले.

छप्पर बदललं, मरण टळलं.

याचा अर्थ पत्रा उत्तम असा कुणी काढू नये. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली तासभर बसून बघा. अर्थ एवढाच की घर कशाचं बांधलंय यावर आत राहणाऱ्याची तब्येत ठरते. हे परळात सिद्ध होऊन सव्वाशे वर्षं होत आली. आणि त्याच परळात आज रीडेव्हलपमेंटच्या सभेत काय विचारलं जातं? कार्पेट किती? कॉर्पस किती? पार्किंग मिळणार का? भाडं किती महिने?

भिंत कशाची आहे? खिडकी किती उघडते? समोरची इमारत किती लांब आहे?

सभेत चिडीचूप.

हे प्रश्न या शहराला कधी पडलेच नाहीत, असं म्हणायची सोय नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि सरकारची झोप उडाली. पथकं घरोघर फिरली, चुना फासला, कोंदट खोल्यांत ऊन यावं म्हणून कौलं उतरवली. राहायला नालायक ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ अशी तीन अक्षरं रंगवली. दांडगाई भरपूर झाली, लोक चिडले, ते योग्यच होतं. पण अंधारी, कोंदट खोली माणसाला मारते हे तेव्हा सरकारदरबारी मान्य झालं.

१८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हा ट्रस्ट काही संत नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत त्याने गरिबांची जेवढी घरं पाडली तेवढी बांधली नाहीत. तरी त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर एका गोष्टीसाठी हट्टाला पेटले होते, आणि तो हट्ट आपण विसरलोय. मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा या विषयावर त्यांनी १९१२ मध्ये एक अख्खं व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांचा.

म्हणजे काय? तुमच्या खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी असता कामा नये. भूमितीची भीती वाटत असेल तर सोपं करून सांगतो. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. वीस मीटर उंची, तर दहा मीटर अंतर.

याच ट्रस्टने दादर-माटुंगा वसवलं. आजही हिंदू कॉलनीच्या एखाद्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येतो. नशिबाचा भाग नाही तो. अंतर मोजून सोडलेलं आहे.

आता शंभर वर्षं पुढे या. मानखुर्द-गोवंडीत लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. प्रकल्पांसाठी हटवलेली माणसं तिथे नेऊन ठेवली. सात-आठ मजली इमारती, आणि दोन इमारतींच्या मधे कितीतरी ठिकाणी अंतर जेमतेम तीन मीटर. ऑर यांच्या हिशेबाने तिथे दहा-बारा मीटर लागले असते.

तीन मीटर! दोन शेजारी आपापल्या खिडकीतून हात लांब करतील तर मधे फार काही उरत नाही.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथे अभ्यास केला. जवळच्या पीएमजीपी कॉलनीशी तुलना केली, जिथे इमारती जरा सुट्या आहेत. निष्कर्ष असा की जिथे उजेड कमी, हवा कमी, आभाळ कमी दिसतं, तिथे क्षयरोग जास्त. खालच्या मजल्यांवर सगळ्यात वाईट. क्षयाचे जंतू हवेत तरंगतात. ऊन त्यांना मारतं आणि वाहती हवा पातळ करते. दोन्ही अडवलं तर ते खोलीत मुक्काम करतात. यात कळायला अवघड काय आहे?

हे गोवंडीचं दुखणं आहे, आपण तर लालबागचे, असं म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी आपल्या गल्लीतल्या रिहॅबच्या, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी बांधलेल्या, इमारतीच्या मागच्या बाजूला एकदा जावं. अंतर पावलांनी मोजावं.

हल्ली चाळीबद्दल गहिवरून बोलायची लाट आलीय. माझा तिच्यात सहभाग नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, पहाटे संडासाची रांग, चुलीचा आणि नंतर स्टोव्हचा धूर. तो धूर बायकांनी आयुष्यभर गिळला. मोरी घरातच, तीही स्वयंपाकाच्या ओट्याला चिकटून. ज्यांना हे हवंहवंसं वाटतं त्यांनी ते भोगलेलं नसतं.

पण चाळीच्या बांधणीत काही शहाणपण होतं. गिरगावातल्या जुन्या चाळी म्हणजे सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे विटा, वर चुन्याचा गिलावा, माथ्यावर मंगलोरी कौलं. खिडकीची दोन्ही दारं बाहेर उघडायची आणि भिंतीला टेकायची, म्हणजे खिडकी जेवढी दिसते तेवढी सगळी उघडी. समोर गॅलरी. दार दिवसभर सताड. एका बाजूने आलेला वारा दुसरीकडून निघून जायचा.

बीडीडी चाळींना हेही मिळालं नाही. मुंबईत अशा २०७ चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने गिरणी कामगारांसाठी काँक्रीटमध्ये त्या उभ्या केल्या. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. मधून अंधारा बोळ, दोन्ही हातांना खोल्या. सुरुवातीला तर बऱ्याच खोल्यांना भाडेकरू मिळेनात. मुंबईचा कामगार, ज्याला डोक्यावर छप्पर नव्हतं, तोसुद्धा नाक मुरडत होता.

त्याच चाळींच्या जागी आता टॉवर उठतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांवरून ५०० वर. संडास घरात, लिफ्ट दारात. त्या कुटुंबांचा आनंद खरा आहे आणि त्यात कुणी मिठाचा खडा टाकू नये. तीन पिढ्या थांबून मिळालंय.

प्रश्न यापुढचा आहे. मध्य मुंबईत इतके टॉवर उभे राहतायत आणि त्यातल्या बहुतेकांचा नकाशा पाहिला तर काय दिसतं? मधे लॉबी, दोन्ही हातांना फ्लॅट. म्हणजे तोच बीडीडीचा बोळ, टाइल्स लावलेला. एक फरक मात्र आहे. चाळीत दार उघडं असायचं.

फ्लॅटचं दार बंद असतं. मग वारा येणार एका बाजूने, जाणार कुठून?

आता खिडकीकडे वळू, कारण सगळा खेळ तिथे आहे. नव्या घरात ॲल्युमिनियमची सरकती खिडकी असते. दोन पल्ले, दोन रूळ. एक पल्ला सरकवला की तो दुसऱ्याच्या मागे जाऊन बसतो. म्हणजे पाच फुटांची खिडकी कितीही आटापिटा केला तरी अडीच फूटच उघडणार. तिसऱ्या रुळावर मच्छरजाळी आली की वारा आणखी मंदावला. बिल्डरने पाच फुटांची खिडकी दाखवली, तुम्ही पाच फुटांची समजलात, फुफ्फुसांना अडीच फूट मिळाली.

केंद्र सरकारच्या ‘इको निवास संहिता २०१८’ मध्ये हे मोजायची पद्धत दिलेली आहे. उष्ण-दमट हवेच्या शहरांत, म्हणजे आपल्याकडे, खिडक्यांचा प्रत्यक्ष उघडणारा भाग हा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के हवा. सहावा हिस्सा. काचेचा आकार नव्हे, उघडणारा भाग. तीनशे चौरस फुटांच्या घराला पन्नास चौरस फूट.

तुमच्या घरात मोजा. टेप सगळ्यांकडे असते.

भिंतीचंही तेच. नव्या टॉवरमध्ये विटाच नसतात. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. साइटवर त्याला सगळे ‘मायवान’ म्हणतात. काम झपाट्याने होतं, भिंत सरळ येते, आणि बिल्डरला पातळ भिंतीमुळे आत चार इंच जास्त कार्पेट विकता येतं. पण काँक्रीटमधून उष्णता विटेच्या जवळपास दुप्पट सहजतेने आत येते, आणि हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकशी तुलना केली तर आठ-नऊ पट. पश्चिमेच्या पातळ काँक्रीटच्या भिंतीवर दुपारभर ऊन पडलं की रात्री दहा वाजता आतून हात लावून पाहा. ती भिंत तुमचा एसी चालू करायला लावते. बिल महिन्याला येतं, वाचवलेले चार इंच कुणाच्या खिशात गेले हे सांगायला नको.

जुन्या इमारतींची गोष्ट वेगळी आहे. तिथे चांगल्या भिंतीला वाईट डॉक्टर भेटतो.

चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि बाहेर टाकतो. पावसाळ्यात भिंत भिजते, दिवाळीपर्यंत सुकते. शंभर वर्षं हे चाललं. मग दुरुस्ती निघते. कंत्राटदार चुना खरवडतो आणि वर सिमेंटचा जाड थर चढवतो. गुळगुळीत, करडा, पक्का. सगळे खूश. आता पाणी आत जातं भेगेतून, पण बाहेर पडायला वाट नाही. ओल भिंतीत कोंडली जाते. वर सरकते, क्षार घेऊन येते, लोणा धरतो. आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोकं, जी कुणालाच दिसत नाहीत, ती कुजायला लागतात. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशीला तेवढं पुरतं.

भिंत बाहेरून मजबूत दिसते आणि आतून तुळई जाते. मग एका जुलैत इमारत बसते आणि पेपरात ‘जीर्ण इमारत कोसळली’ असं छापून येतं.

जीर्ण? की चुकीची दुरुस्त केलेली? ही चौकशी कधी होते?

पुढचा उपाय आतून वॉटरप्रूफ रंगाचा. पाणी बाहेरून येतंय आणि आपण आतून झाकण लावतोय! दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे फुगे, तिसऱ्यात पोपडे, आणि दर वेळी नवा रंग. गच्चीचंही तसंच. गळती लागली की ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर. परत लागली की त्या कोब्यावर कोबा. मूळ भेग शोधायची कुणाला सवड नाही. गळती राहिली तिथेच, गच्चीचं वजन मात्र वाढलं.

काँक्रीटला तर समुद्राची हवा वेगळाच जाच करते. ताज्या काँक्रीटमध्ये इतका अल्कलीपणा असतो की आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, तो अल्कलीपणा उतरतो, वर खारा वारा क्लोराइड घेऊन येतो. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, काँक्रीट आतून फोडतो, आणि एक दिवस मोरीच्या छताचा पोपडा बादलीत पडतो. मग वरच्या मजल्याशी भांडण. भांडणातून सळई वाचत नाही.

तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत कायद्याने सक्तीचं आहे. उत्तम. खांब तपासतात, तुळया तपासतात, काँक्रीटवर हातोडा मारून आवाज ऐकतात, अल्कलीपणा किती उरलाय ते कळावं म्हणून फिनॉल्फ्थॅलिन टाकून रंग बघतात. खांबांची एवढी काळजी! पण त्या खांबांच्या मधे जी माणसं श्वास घेतात, त्यांच्या हवेचं ऑडिट?

कलमच नाही.

आणि हवा आत कशी असते ते ऐका. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा थंड करून परत देतो. दोन माणसं, बंद खोली, रात्रभर. बाहेर कार्बन डायऑक्साइड सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास, आत सकाळपर्यंत दोन हजारांच्या वर जाणं ही रोजची गोष्ट. सकाळी डोकं जड का, याचं उत्तर औषधाच्या दुकानात शोधू नका.

पावसाळ्यात कपडे आत वाळत घालतो, कारण गॅलरी गेली आणि ‘ड्राय बाल्कनी’ बंद करून तिथे वॉशिंग मशीन बसलं. त्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे? हवेत. हवेतून थंड भिंतीवर. भिंतीलगतचा दमटपणा ऐंशी टक्क्यांवर टिकला की कपाटामागे काळी बुरशी धरते. पोराला दमा का, हे विचारताना कपाट एकदा पुढे ओढून बघा.

नवं फर्निचर केलं की आठवडाभर डोळे चुरचुरतात. ‘नव्याचा वास’ म्हणून आपण तो सहन करतो. प्लायवूड आणि एमडीएफच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसाला कर्करोग करणारं द्रव्य ठरवलं. आपण त्याच आठवड्यात सत्यनारायणाची पूजा घालतो, सगळी खिडक्या-दारं लावून, एसी चालू करून.

आणि मच्छर अगरबत्ती! एका कॉइलमधून जेवढे बारीक कण निघतात तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. घरात सिगारेट ओढणाऱ्या काकांना आपण गॅलरीत हाकलतो. कॉइल मात्र लहान मुलाच्या पलंगाखाली लावतो.

शेगडीवरच्या ‘चिमणी’चं काय? ज्या चिमणीला बाहेर जाणारा पाइपच नाही, ती जाळीतून तेल गाळते आणि बाकी सगळं परत स्वयंपाकघरात सोडते. धूर काढण्यासाठी पैसे दिलेत. तो फिरवून परत मिळाला.

यावर लगेच एक उत्तर येतं, आणि ते खोटं नाही: खिडकी उघडायची कशी? बाहेर धूळ आहे! लालबाग-परळमध्ये एका वेळी अर्धा डझन इमारती पाडल्या-बांधल्या जातायत. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियमावली काढली: उंच बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवी कापडं, पाण्याचे फवारे. पत्रे लागले, हे खरं. फवारा दिवसातून किती वेळ चालतो, हे त्या साइटच्या समोर राहणाऱ्या बाईला विचारा. तिच्या ओट्यावर उत्तर साचलेलं असतं.

म्हणजे खिडकी उघडली तर शेजारचा टॉवर आत, लावली तर आपलाच श्वास आत. या कात्रीत माणसाला आणून ठेवलं कुणी? ज्याने अंतर कमी करायची सवलत दिली त्याने, ज्याने घेतली त्याने, आणि कार्पेटच्या पलीकडे न पाहता सही केली त्या आपणही.

हो, जागेची टंचाई आहे. चाळीस मजल्यांच्या इमारतींच्या मधे साठ-साठ मीटर मोकळं सोडा, असं कुणी म्हणत नाही. पण मग खालच्या दहा मजल्यांवर कोण राहणार ते तरी नीट ठरवा. विक्रीच्या इमारतीत खालचे मजले गाड्यांना देतात, कारण तिथे उजेड नाही आणि भाव येत नाही. रिहॅबच्या इमारतीत अनेक ठिकाणी त्याच उंचीवर माणसं असतात. गाडीला चालणारा अंधार म्हाताऱ्या आजीला का चालावा?

आणि संडासाच्या खिडक्या ज्या डक्टमध्ये उघडतात तो किती रुंद आहे? त्याच डक्टमध्ये स्वयंपाकघराची खिडकी उघडत नाही ना? चौथ्या मजल्याचा एक्झॉस्ट पंखा वास डक्टमध्ये ढकलतो आणि सहाव्या मजल्याला तो मिळतो, अशा तक्रारी प्रत्येक सोसायटीत आहेत. आराखड्यावर त्या आधीच दिसत होत्या. पाहिलं कुणी नाही.

म्हणून पुढच्या सभेत एक करा. बिल्डर प्लॅन दाखवेल, रंगीत, सोफ्यासकट. तो बाजूला ठेवा आणि सेक्शन मागा, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणारा आराखडा. त्यात समोरच्या इमारतीची उंची आणि मधलं अंतर दिसतं. पट्टी घेऊन तुमच्या मजल्याच्या खिडकीपासून समोरच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा. खिडकीचा उघडणारा भाग किती, ते चौरस फुटांत लिहून घ्या. भिंत कशाची, किती जाडीची, तेही करारनाम्यात घाला, टाइल्सच्या ब्रँडच्या वरच्या ओळीत. बिल्डर म्हणेल, अहो, हे असं कुणी विचारत नाही.

तर दोघा-तिघांनी मिळून विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.